तेरावा घट काय म्हणतो?

सडक अर्जुनीसारख्या गावी जुन्या सायकलीला मोटार जोडून विजेवर पळवण्याची हौस कुणाला असेल, तर ती त्याने अवश्य पुरी करावी. माझा आक्षेप फक्त बॅटरीचा एकूण दाब मोजून निर्धास्त होण्याला आहे.

४८ व्होल्टच्या बॅटरीत सामान्यतः लिथियम-आयन घटांचे १३ गट एकसर जोडलेले असतात. प्रत्येक गटाची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणून चार्जर ५४.६ व्होल्टवर थांबतो. आता समजा, १२ गट ४.१८ वर आहेत आणि तेरावा ४.४४ वर. बेरीज करून पाहा! चार्जरच्या मते सारे ठीक. तेरावा मात्र बिघडण्याच्या, प्रसंगी पेटण्याच्या वाटेवर.

शिशाच्या बॅटरीत जादा विजेने पाण्याचे विघटन होते आणि तेवढ्यात मागे पडलेले घट भरून निघतात. लिथियम अशी गय करत नाही. धानाच्या बांधीतले जादा पाणी काढून द्यावे, तशी भरलेल्या गटातली जादा वीज रोधातून उष्णतेच्या रूपाने काढून टाकणारे मंडल लागतेच. काटकसर रंगात करा, गादीत करा. या मंडलात करू नका.

मे महिन्याच्या उन्हातून आल्याबरोबर तापलेली बॅटरी चार्जिंगला लावणे, किंवा ती लावून झोपी जाणे, मला मुळीच पसंत नाही. महिन्यातून एकदा, वडीलधाऱ्यांना जवळ बसवून, तेराही गटांचे दाब मल्टिमीटरने मोजा आणि वहीत लिहा. एखादा आकडा दर खेपेस इतरांपासून दूर जाताना दिसला, तर सायकल पायडल मारूनच चालवा.