विश्लेषण : ‘साहेब, मेनू तरी बघा!’ हॉटेलांबाहेरच्या दलालांना आवर का बसत नाही?

संध्याकाळी सातच्या सुमारास बागा-कळंगुटच्या रस्त्याने चालणाऱ्या कुटुंबाला शंभर पावलांत चार-पाच जण तरी अडवतात. कोणाच्या हातात प्लास्टिकचे आवरण घातलेला मेनू असतो, कोणी बर्फावर मांडलेले पापलेट दाखवतो, तर कोणी ‘ड्रिंक फ्री’ म्हणत थेट खुर्चीच ओढतो. नकार दिला तरी तो दहा पावले सोबत येतो. पर्यटकांमागे असे लागण्याला गोव्यात कायद्याने बंदी आहे आणि २०२५ मध्ये दंडाची रक्कमही बरीच वाढवण्यात आली. तरीही हे चित्र फारसे बदललेले नाही. असे का?

कायदा नेमके काय सांगतो?

गोव्यात पर्यटन स्थळे (संरक्षण आणि देखभाल) कायदा २००१ पासून आहे. त्यात ‘उपद्रवा’ची व्याख्या केलेली असून, वस्तू, तिकिटे किंवा सेवा विकण्यासाठी पर्यटकांच्या मागे लागणे त्यात मोडते. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणे, बाटल्या फोडणे, गाडी घालणे हेही त्याच यादीत येते. किनाऱ्यावर मद्यपान करणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये व्यक्तीला दोन हजार आणि गटाला १० हजार रुपये दंड ठरवण्यात आला. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मंजूर झालेल्या दुरुस्तीने उपद्रवाचा दंड किमान पाच हजार आणि कमाल एक लाख रुपये केला.

राजस्थान तर याहून पुढे गेले आहे. आग्रा-जयपूर पट्ट्यात अशा माणसाला ‘लपका’ म्हणतात. राजस्थानने पर्यटन व्यवसायविषयक कायदा २०१० मध्ये केला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून हा गुन्हा दखलपात्र ठरवला. एकदा शिक्षा झालेल्याने तोच गुन्हा पुन्हा केला, तर तो अजामीनपात्र ठरतो. तरी आमेरच्या किल्ल्याखाली गाडी थांबताच काच ठोठावली जातेच.

दलाल उभा करणे हॉटेलला परवडते कसे?

मुळाशी साधा हिशेब आहे. गल्लीतल्या खानावळीला रोज तीच माणसे लागतात. भाजी बिघडली तर उद्या गिऱ्हाईक येणार नाही, ही भीती तिथल्या स्वयंपाक्यापेक्षा मालकाला जास्त असते. पर्यटनस्थळी ती भीतीच नाही. आज जेवलेला पुण्याचा किंवा इंदूरचा माणूस पुन्हा आला तरी वर्षाने येणार आणि तोवर त्याला हॉटेलचे नावही आठवणार नाही. त्यामुळे चवीवर खर्च करण्यापेक्षा दारात माणूस उभा करणे स्वस्त पडते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखवले, की विक्रेत्याला मालाची माहिती असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. समुद्रकिनाऱ्यावरचे ‘आजचे ताजे सुरमई’ हे त्याच जातीचे.

शिवाय हंगाम छोटा. गोव्यातील शॅक ऑक्टोबरच्या आसपास उभे राहतात आणि पावसाळ्यापूर्वी मे अखेर उतरवावे लागतात. वर्षाची कमाई या सात-आठ महिन्यांत करायची. शॅक पोटभाड्याने देण्यास धोरणात मनाई आहे, पण तो सर्रास दिला जातो, ही तक्रार जुनी आहे. ज्याने मूळ परवानाधारकाला मोठी रक्कम मोजली आहे, तो रिकामी टेबले बघत बसू शकत नाही.

या व्यवहाराचा एक सभ्य अवतार महाराष्ट्रातला प्रत्येक प्रवासी ओळखतो. रात्रीची खासगी बस नेमकी एकाच ढाब्यावर थांबते, चालक-क्लीनर आत वेगळ्या टेबलावर फुकट जेवतात आणि बाहेर चहाचा दर दुप्पट असतो. तिथे कोणी ओरडत नाही, मागे लागत नाही. पण गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचा मोबदला शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलातून निघतो, हे दोन्हीकडे सारखेच.

मग पकडले कोण जाते?

खरी अडचण इथे आहे. रस्त्यावर दिसतो तो विशी-पंचविशीतला, बहुधा परराज्यातून आलेला तरुण. अनेकदा त्याला पगार नसतो किंवा नावापुरता असतो. टेबल भरले तर कमिशन. पोलीस आले की मेनू शर्टाखाली जातो. पकडला गेला तर पाच हजारांचा दंड म्हणजे त्याची कित्येक दिवसांची कमाई. आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहतो. ज्याच्यासाठी तो उभा होता, तो मालक गल्ल्यावर बसून ‘हा आमचा माणूस नाही’ म्हणतो. ते खोटे ठरवणे अवघड, कारण हजेरीपटावर त्याचे नाव नसते.

दंडाचा आकडा वाढवून हे सुटेल असे मानणे म्हणूनच भाबडेपणाचे वाटते. एक लाखाचा दंड त्या तरुणाकडून कधीच वसूल होणार नाही. उलट फुगे, शहाळी विकणाऱ्या फेरीवाल्यावर तोच कायदा सहज चालवता येईल. तो पळू शकत नाही.

परदेशात काय केले जाते?

टोकियोच्या शिंजुकू भागातील काबुकिचो वस्तीत बारबाहेरचे दलाल ही जुनी डोकेदुखी. तिथल्या प्रशासनाने २०१३ मध्ये रस्त्यावर गिऱ्हाईक ओढण्याविरुद्ध नियम केला. तो नुसता उपदेश ठरला, तेव्हा २०१६ मध्ये ५० हजार येनपर्यंत दंडाची तरतूद जोडली. त्याच्याही आधी, २००० मध्ये, टोकियोने ग्राहकाला अव्वाच्या सव्वा बिल लावणाऱ्या बारविरुद्ध वेगळा नियम केला होता. त्यात दर आधी स्पष्ट दाखवणे बंधनकारक आहे. शिवाय दलालांमागे जाऊ नका, असे काबुकिचोच्या रस्त्यांवर ध्वनिक्षेपकावरून बजावले जाते.

लंडनच्या ब्रिक लेनमधील उदाहरण अधिक बोलके. तिथल्या बांगलादेशी करी हाऊसबाहेर उभी राहणारी माणसे येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘वीस टक्के सूट’ म्हणून गाठत. स्थानिक परिषदेने गिऱ्हाईक न ओढण्याची अट हॉटेलच्या परवान्यातच घातली. दारातला माणूस कोणाचा, या प्रश्नाची जबाबदारी त्यामुळे मालकावर आली. अट मोडली तर परवाना फेरविचाराला येतो. गोव्यात शॅक, बार आणि रेस्टॉरंट यांचे परवाने सरकार आणि पंचायतींच्याच हाती आहेत. म्हणजे हे हत्यार आहे, वापरले जात नाही.

ऑनलाइन रिव्ह्यूंमुळे फरक पडला का?

थोडा पडला. पण आता दलालही म्हणतो, ‘साहेब, गूगलवर बघा, साडेचार स्टार’. ते स्टार कसे मिळाले हे कोण तपासणार? भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले, मात्र ते ऐच्छिक ठेवले.

पर्यटकाच्या हाती काय?

दलालाशी हुज्जत घालण्यात किंवा खोटी कारणे देण्यात अर्थ नसतो. ‘आत्ताच जेवलो’ म्हटले की ‘मग ड्रिंक घ्या’ हे उत्तर तयार असते. न थांबता, नजर न मिळवता ‘नको’ म्हणून पुढे जाणे हेच बहुतेक वेळा पुरते. पाऊल थांबले की सौदा सुरू झाला, हे त्यालाही माहीत असते. हात धरला, वाट अडवली किंवा क्लबमध्ये नेऊन बाहेर पडू दिले नाही, तर मात्र तो उपद्रव राहत नाही. तिथे ११२ वर फोन करणे योग्य. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही बहुभाषिक हेल्पलाइनही आहे.

आत गेल्यावरची फसवणूक जास्त महाग पडते. मेनूत माशापुढे ‘आजच्या दराने’ लिहिलेले असेल, तर मासा स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी वजन आणि किंमत दोन्ही विचारून घ्यावे. दर शंभर ग्रॅमचा की पूर्ण माशाचा, हेही. दलालाने कबूल केलेली सूट मालकाकडून वदवून घेतल्याशिवाय बसू नये. बिलात आपोआप लावलेले सेवाशुल्क नाकारता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते सक्तीने लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती भूमिका उचलून धरली. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार करायची तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीऐवजी छापील, जीएसटी क्रमांक असलेले बिल हवे. ते मागितल्यावर काही ठिकाणी रक्कम आपोआप कमी होते, असाही अनुभव पर्यटक सांगतात.