पोच आधी की नोंद आधी?

बाजारात पोचपावतीला किंमत आहे. माल गोदामात उतरण्याआधीच कुणी पोच लिहून दिली आणि वाटेत गाडी उलटली, तर दाद कुणाकडे मागायची? आज क्लाऊडच्या धंद्यात नेमका हाच प्रश्न उभा आहे. तो संगणकवाल्यांचा प्रश्न आहे, असे म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हात झटकू नयेत. ऑनलाइन ऑर्डर, पैशांचा भरणा, मालाचा साठा यांच्या कितीतरी नोंदी आता दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या भरवशावर असतात.

नोंदी आल्या त्या क्रमाने लिहून घ्यायच्या आणि ज्याला हव्यात त्याच्याकडे लगेच पोहोचवायच्या, याला डेटा स्ट्रीमिंग म्हणतात. हा रोजकीर्दीचाच प्रकार. खाली नवी ओळ चढते, जुनी ओळ खोडायची नाही. लिंक्डइन कंपनीत तयार झालेली व २०११ साली सर्वांना खुली झालेली काफ्का ही प्रणाली या कामात अग्रेसर आहे. तिच्यात एकेका नोंदीच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. व्यवस्था भक्कम, पण खर्चिक. कारण एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात प्रती नेण्याचे भाडे ॲमेझॉनसारख्या कंपन्या वेगळे लावतात.

म्हणून आता काही कंपन्या नोंदी थेट ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये टाकू लागल्या आहेत. हे एक अवाढव्य गोदामच समजा. ॲमेझॉनचे असे गोदाम, एस-३, २००६ साली सुरू झाले. तिथे प्रती जपण्याची जबाबदारी गोदामवाल्याची. मात्र दर फेरीला पैसे पडतात आणि वेळही जातो. त्यामुळे नोंदी क्षणभर सर्व्हरच्या स्मृतीत साठवून, त्यांचा एकच गठ्ठा बांधून पाठवतात.

मेख इथेच आहे. गठ्ठा रवाना होण्याआधी यंत्र बंद पडले तर त्यातल्या नोंदी गेल्या. म्हणून गठ्ठा गोदामात पोहोचला आणि त्याचा क्रम वहीत चढला, की मगच पोच द्यावी. त्यात थोडा उशीर होतो. आमच्या मते हा उशीर सोसावा. खोटी पोच सोसू नये.

पण बनवणाऱ्याची नियत साफ असली तरी काम बिनचूक होतेच असे नाही. बफस्ट्रीम या अशाच प्रणालीची तपासणी तिच्या कंपनीने स्वतः पैसे देऊन जेप्सेन या संस्थेकडून करून घेतली. जेप्सेनची रीत कडक. यंत्रांमधला संपर्क तोडायचा, चालते काम मध्येच थांबवायचे, मग कोणती पोच मिळाली आणि काय शिल्लक राहिले याचा ताळा घ्यायचा. २०२४ साली अहवाल आला. पोच दिलेल्या नोंदी हरवत होत्या, आणि त्याही यंत्रे धडधाकट चालू असताना! आणखीही दोष निघाले. ते दुरुस्त झाले आणि सारा अहवाल जगजाहीर झाला. याच तपासणीत खुद्द काफ्काच्या व्यवहार-पद्धतीतलेही दोष उघड झाले.

यावरून कुणी त्या कंपनीला नावे ठेवील. आम्ही ठेवणार नाही. मालातली खोट गिऱ्हाइकासमोर स्वतः मांडणारा व्यापारी आमच्या लेखी विश्वासाचा. “आमच्या मालात दोषच नाही” असे सांगणाऱ्यापासूनच सावध राहावे.

तेव्हा हिशेबाचे ॲप किंवा सेवा घेताना विक्रेत्याला चार प्रश्न जरूर विचारा. पोच नेमकी कधी देता? तपासणी बाहेरच्या माणसाकडून केली काय? त्यात काय सापडले? आणि आमच्या नोंदी आम्हाला हव्या तेव्हा काढून घेता येतील काय? उत्तर टाळणाऱ्याच्या हाती वही देऊ नये. नोंदी ही अमानत आहे. ती स्वस्तात ठेवणारे पुष्कळ भेटतील. मागितल्यावर जशीच्या तशी परत करणारा शोधला पाहिजे.