ऑर्कची बुद्धी वजा दोन का?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघितलेल्यांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ वेगळं सांगायला नको. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला. तेव्हापासून नियमांच्या नवनव्या आवृत्त्या निघतायत आणि ‘बेस्ट एडिशन कुठली?’ हा वाद खेळाइतकाच रंगतो. लढाई कुठे फास्ट, जादू कुठे भारी, यावर लोक तासन् तास भांडतात. डहाणू-तलासरीत राहणाऱ्यांनी मात्र आधी ऑर्कचं पान उघडावं, असं मला वाटतं.

ऑर्क म्हणजे या खेळातले टोळ्यांनी राहणारे, ‘रानटी’ म्हणून रंगवलेले लोक. आई-बापांपैकी एक ऑर्क, एक माणूस असेल तर हाफ-ऑर्क. १९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ नियमांत हाफ-ऑर्क लढवय्या दहाव्या लेव्हलला अडकायचा, पुजारी तर चौथ्याच. मर्यादा नव्हती ती फक्त मारेकरी होण्याला! २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने लेव्हलची अट काढली, पण जन्मतःच ताकद दोनने जास्त, बुद्धी दोनने कमी आणि लोकांवर छाप पाडण्यातही दोन कमी, असा हिशेब मांडला. चौथ्या आवृत्तीत ही वजाबाकी गेली. पाचवी आवृत्ती २०१४ ची. तिच्या २०१६ मधल्या एका जोडपुस्तकात ऑर्कची बुद्धी परत वजा दोन झाली. पुढे कंपनीने ती काढून टाकली.

कुणी म्हणेल, ‘अरे, गेम आहे, ऑर्क काय खरे असतात का?’ नसतात. पण ‘अंगात जोर, डोकं कमी, चोऱ्यामाऱ्या रक्तातच’ हा समज खरा आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आपले दोन्ही तालुके आदिवासीबहुल. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी... हे पान वाचणाऱ्यांतही कितीतरी जण असतील. ‘तुला अभ्यास काय जमणार, स्पोर्ट्समध्ये जा’ हे ऐकून घेतलेल्या मुलाला कॅरेक्टर शीटवर जंगलातल्या टोळीपुढे ‘बुद्धी वजा दोन’ दिसलं, तर ते नुसतं गणित राहत नाही.

म्हणून माझं मत २०२४ च्या नियमांना. त्यात ‘रेस’ हा शब्द गेला, ‘स्पीशीज’ आला. त्याहून मोठा बदल म्हणजे जादा गुण आता जन्मावरून मिळत नाहीत, पात्र आधी काय करत होतं त्यावरून मिळतात. खलाशाला ताकद, चपळाई, शहाणपण. कारागिराला ताकद, चपळाई, बुद्धी. समुद्रावर बोट नेणारा किंवा भिंतीवर चित्रं काढणारा कामातून काय शिकतो, ते यात मोजलं जातं.

ही आवृत्ती एकदम परफेक्ट आहे असंही नाही. ‘बार्बेरियन’ हा क्लास त्याच नावाने कायम आहे. हाफ-ऑर्क मुख्य पुस्तकातून गायब झालाय, दोन घरांत वाढलेल्या पात्राची भारी गोष्ट त्याच्यासोबत गेली. आणि शेतकऱ्याला मिळतं ताकद, काटकपणा, शहाणपण. बुद्धी यादीतच नाही! चिकूवाडीत कीड कधी पडेल, पाणी कधी तोडायचं, माल कुठल्या बाजारात न्यायचा, हे काय बिनडोक काम आहे?

पण यावर उपाय आहे. नव्या नियमांत गोष्ट सांगणारा स्वतःची पार्श्वभूमी तयार करू शकतो. मूळ नियमांचा मोठा भाग नेटवर फुकट आहे, त्यामुळे महागडी पुस्तकं नसली तरी सुरुवात अडत नाही. तेव्हा ग्रुप जमला की पहिल्या दिवशी अर्धा तास काढा आणि आपल्याकडची माणसं घाला: वाडीवाला, मच्छीमार, वारली चित्रकार, भगत. कुणाला कुठले तीन गुण द्यायचे यावर मनसोक्त भांडा. हे भांडण ‘एडिशन कुठली’च्या भांडणापेक्षा जास्त कामाचं आहे.