वेबसाइट कोणासाठी? अध्यक्षांसाठी की कापसासाठी?



हिवरखेडला आमच्या छोट्या गटाने चार वर्षांपूर्वी वेबसाइट काढली. नारळ फुटला, पेढे वाटले. पहिल्या पानावर अध्यक्षांचा भला मोठा फोटो, त्याखाली सत्कारांचे नऊ फोटो, शेजारी गटाची उद्दिष्टे. पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हावा. कापूस किती आहे, कोठे ठेवला आहे, बोलायचे कोणाशी, यातले अक्षरही नाही. पुढे एक जिनिंगवाला तोंडावर म्हणाला, "भाऊ, तुमची साइट पाह्यली, पण फोन नंबर कोठीच नाही भेटला. मंग दुसरीकून माल घेतला." त्या आठवड्यात आमच्या गोदामात कापूस पडून होता!

वर्ष सरले आणि साइटच बंद पडली. वेबसाइटचे नाव मुदतीआधी पैसे भरून नवे करावे लागते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. नाव नोंदले होते बनवणाऱ्या पोराच्या नावावर, पासवर्डही त्याच्याकडेच, आणि तो गेला नोकरीला पुण्याला. सातबारा दुसऱ्याचा आणि पेरा आपला, असला हा कारभार. आता नाव गटाच्या नावावर आहे, पासवर्ड दोघांजवळ आहे आणि पैसे भरायची तारीख ठरावाच्या वहीत लिहिली आहे.

पैसा ओतला म्हणजे असले काम चालते, असेही नाही. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प झाला. पिकांचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, सारे गावातच मिळणार होते. पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तर केंद्रांचा मुख्य वापर उसाच्या हिशोबासाठी होत होता. मग ७ गावांत संगणक बाजूला ठेवून मोबाइलच्या संदेशावर तीच माहिती देण्याचा प्रयोग ८ महिने चालला. तो स्वस्तही पडला. कास्तकाराला काय हवे होते? माझा ऊस किती भरला, एवढेच. प्रकल्प आखणाऱ्यांनी त्याला हे आधी विचारले असते तर?

आपणही आधी तेच विचारावे. बाजार समित्यांचे रोजचे भाव आणि आवक पणन मंडळाच्या साइटवर असतातच; ते उतरवून काढण्यात आपला वेळ कशाला घालवायचा? आपल्या साइटवर ते हवे जे दुसरीकडे मिळत नाही. आपला कापूस किती क्विंटल, कोणत्या वाणाचा, धाग्याची लांबी काय, ओलावा किती. सीसीआयच्या खरेदीचा हिशोब ८ ते १२ टक्के ओलाव्यावर चालतो, तेव्हा ओलावा लपवून फायदा काय? गाडी गेटवर गेली की मीटर लागतोच. ज्वारीचेही तसेच. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले; शहरातले लोकही आता ज्वारी मागतात. पण पावसात सापडून दाणा काळा पडला असेल तर तसे लिहा आणि उजेडात काढलेला फोटो टाका. एकदा फसलेला गिऱ्हाईक परत येत नाही. आणि प्रत्येक आकड्याशेजारी तारीख हवी. दिवाळीतला साठा होळीपर्यंत तसाच दिसत राहिला, तर फोन करणाऱ्याला आपण काय तोंड दाखवणार?

लिपीचे थोडे सांगतो. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टातला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर भलताच उमटतो आणि गूगललाही सापडत नाही. २०१४ पासून वेबसाइटचा पत्ताही देवनागरीत, शेवटी 'भारत' लावून घेता येतो. मला त्याचा अभिमान आहे, पण राजकोटचा व्यापारी देवनागरीत टाइप करत बसणार नाही. इंग्रजी पत्ता छोटा ठेवा, फोनवर एका दमात सांगता येईल असा.

बैठकीत कोणी तरी उठून विचारेलच, रोज हे करायचे कोणी? आमच्याकडे गोदामाची वही लिहिणारी एक सूनबाई आहे. संध्याकाळी वही मिटण्याआधी ती मोबाइलवरून पाच ओळी टाकते. त्यासाठी क्विंटलमागे दोन रुपये तिला द्यायचे ठरले आहे. फोन नंबर तिने सगळ्यात वर घेतला आणि अध्यक्षांचा फोटो शेवटच्या पानावर नेला. अध्यक्ष अजून नाराज आहेत.