ऑनर्सचा सल्ला कोण देणार?
नीटचा कोणता क्लास, कोणता राउंड, हे सांगायला लातुरात गल्लोगल्ली माणसे सापडतात. पदवीच्या मुलांना मात्र वाली नाही. विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण आले. तेव्हाची पहिली तुकडी २०२७ मध्ये तिसरे वर्ष संपवेल आणि पदवी घेऊन बाहेर पडायचे की चौथे वर्ष ऑनर्ससाठी द्यायचे, हे तिला ठरवावे लागेल. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. किनवटच्या मुलीला हे सहाव्या सत्रात कळून काय उपयोग? चार वर्षांनंतर एमएस्सी एका वर्षात होऊ शकते, म्हणजे एकूण वर्षे तीच पाच. हे गणित आईवडिलांपुढे कागदावर मांडले, तर अनेक मुलींचे शिक्षण वाचेल. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने विष्णुपुरीत आणि लातूरच्या उपकेंद्रात यंदाच सल्ला मेळावे घ्यावेत. प्रत्येक महाविद्यालयात एक प्राध्यापक नेमून ते तास त्याच्या वर्कलोडमध्ये धरावेत. फुकटच्या जबाबदाऱ्या कागदावरच राहतात. संशोधनासह ऑनर्सची तयारी आधीपासून व्हावी म्हणून ‘आविष्कार’ या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेच्या तारखा नुसत्या सूचनाफलकावर न लावता वर्गावर्गांत वाचून दाखवाव्यात, तेही पहिल्या वर्षापासून.