उचल आणि मर्जी

ऊसतोडीचा विषय निघाला की साखरपट्ट्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "वेठबिगारी कसली? दसऱ्याआधी उचल मोजून घेतात, आपल्या मर्जीनं अंगठा देतात." या मर्जीचीच जरा झडती घेऊ.

शिक्षेच्या धाकानं करून घेतलेलं आणि माणसानं आपखुशीनं न पत्करलेलं काम म्हणजे सक्तीचे श्रम, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३० चा करार सांगतो. भारतानं तो १९५४ साली स्वीकारला. धाकाला चाबूकच लागतो, असं त्यात कुठंही नाही. आगाऊ पैशांची उचल घेताना मर्जी होती, मान्य. जानेवारीत अंगात ताप असताना ती कुठं असते? नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मजूर आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव मात्र नवऱ्याचं. बाई पहाटे उठून भाकरी थापणार, दिवसभर ऊस तोडणार, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणार. हिशेबात ती अर्धा कोयता. एक दिवस अंग टाकलं की खाडा: मजुरी जातेच, वर दंड. बाकी पुढल्या सालावर. हंगाम अर्धा टाकून निघालेल्याच्या दारात वसुलीची माणसं उभी. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हाही त्यांच्या बोलण्यात हा खाडा होताच.

"मुकादमही बुडतो," हा दुसरा युक्तिवाद. खराही आहे, दोघांकडून उचल घेणारे असतात. त्यांच्यावर दिवाणी दावा लावा. माणूस कोपीत अडकवून ठेवणं ही वसुली नव्हे.

आपल्याकडे कायद्याची वानवा नाही. भुकेची निकड हीसुद्धा सक्तीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितलं. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं बिगारीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली. कर्ज तसलं नाही, हे सिद्ध करायचं सावकारानं. पण त्या कायद्यातल्या दक्षता समितीला फडाची वाट सापडत नाही. सुटका करण्याआधी प्रतिबंध करा, भरतीतली फसवणूक रोखा, असं बजावणारा, १९३० च्या कराराला पूरक असा २०१४ चा करार आहे. त्यावर भारताची मोहोर अजून नाही.

"ते आमचे कामगारच नाहीत," असं कारखाना म्हणतो. ऊस मात्र त्याचा. काट्यावर प्रत्येक गाडीच्या वजनाची पावती शेतकऱ्याच्या नावानिशी निघते. त्याच पावतीवर तोडणाऱ्या दोघांची नावं छापा आणि बाईच्या वाट्याची मजुरी तिच्याच खात्यात टाका. त्याला कोणत्या कराराची वाट पाहायची?