नोंद सरकारची चुकली, दंड मी का भरू?

परवान्याशिवाय गाडी चालवणाऱ्याला पाच हजारांचा दंड होतो, तो व्हायलाच हवा. मी रोज दुपारी स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवते. शाळेच्या गणवेशातली पोरं तिघं-तिघं बसून कशी अंगावर येतात, ते रोज पाहते. पण ज्याच्याकडे परवाना आहे आणि सरकारी कॉम्प्युटरमध्ये मात्र त्याची अर्धीच नोंद आहे, त्यालाही तोच दंड व्हावा आणि निर्दोष असल्याचे कागद गोळा करत त्यानेच फिरावं, हे मला मान्य नाही.

माझं परवान्याचं पुस्तक 1996 चं आहे. त्यात दोन शिक्के आहेत: गिअरची मोटरसायकल आणि हलकं मोटार वाहन. नूतनीकरणानंतर स्मार्ट कार्ड घरी आलं, त्यावर नुसतंच 'एलएमव्ही', म्हणजे हलकं मोटार वाहन. गिअरच्या मोटरसायकलचं 'एमसीडब्ल्यूजी' गायब. म्हणजे सरकारदरबारी मला मोटार चालवता येते, स्कूटर नाही. आमच्या घरात मोटार नाहीच. मी लगेच आरटीओत दुरुस्तीचा अर्ज दिला, पुस्तकाची झेरॉक्स जोडली, शिक्का मारलेली पोच घेतली. दुरुस्ती होण्याआधीच नाक्यावर मला अडवलं. हवालदारांच्या हातातल्या मशीनवर 'सारथी' या परवान्यांच्या सरकारी प्रणालीतली नोंद आली. मी पुस्तक दाखवलं, पोच दाखवली. "ताई, मशीनमध्ये दिसतं तेच मला धरावं लागतं," ते म्हणाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 3 आणि 181 खाली चलान फाटलं.

त्या हवालदारांवर माझा राग नाही. नियमाने त्यांना दुसरी वाटच ठेवलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 मध्ये 2018 साली बदल झाला आणि मोबाइलवरची कागदपत्रंही चालू लागली. फार चांगलं झालं. पण डिजिलॉकरमध्ये दिसतो तो परवानाही सारथीतूनच येतो, त्यामुळे तिथली चूक तिथेही जशीच्या तशी उतरते. कार्यालयाने स्वतःच शिक्का मारून दिलेलं पुस्तक एक सांगतं आणि त्याच कार्यालयाचा कॉम्प्युटर दुसरं, तेव्हा नाक्यावर खरं कशाला मानायचं? हे हवालदाराला कोणी सांगितलेलं नाही. मग पुस्तक हरतं आणि मशीन जिंकतं.

कायदा वाचला तर गुन्हा आहे तो परवाना नसण्याचा. नोंद नसण्याचा गुन्हा त्यात कुठेही नाही. कोणाला कोणत्या वर्गाचं वाहन चालवायची परवानगी दिली, याची नोंदवही ठेवणं हे सरकारचं काम आहे. माझ्या गिऱ्हाइकाने महिन्याचे पैसे दिले आणि माझं वहीत लिहायचं राहिलं, तर ते पैसे मी त्याच्याकडे पुन्हा मागायचे का? वही माझी, मग ती निस्तरायची मीच.

वाहतूक शाखेत गेले तर म्हणाले, परवान्याचं आरटीओत बघा. आरटीओत गेले तर म्हणाले, चलान पोलिसांचं, त्यांना विचारा. तेवढ्यात लोकअदालतीची नोटीस आली. घरचे, शेजारचे, डबेवाली गिऱ्हाइकं, सगळ्यांचं एकच म्हणणं: थोडं कमी करून घे आणि मिटवून टाक. मी मिटवलं नाही, आणि ज्यांची चूक नाही त्यांनी मिटवू नये असं मला कळकळीनं सांगायचं आहे. पैसे भरले की आपण विनापरवाना गाडी चालवली, हे आपणच मान्य केल्यासारखं होतं. उद्या माझ्या स्कूटरने कोणाला लागलं, तर विमा कंपनी पहिल्यांदा परवाना बघणार. चालकाकडे योग्य परवाना नसला तरी कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वर्णसिंग खटल्यात मोकळी ठेवली आहे. स्कूटर माझ्याच नावावर आहे. भरपाईचा आकडा लाखांत गेला तर डब्यांच्या धंद्यातून मी तो कुठून फेडणार?

म्हणून प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ दिलं. खरी अडचण तिथे समजली. आरटीओने माझी नोंद दुरुस्त केली आणि तसं पत्रही दिलं, पण पत्रावर तारीख दुरुस्तीची. ती चलानानंतरची. सरकारी वकील म्हणाले, चलानाच्या दिवशी यांच्या परवान्यात दुचाकी नव्हती, हे या पत्रावरूनच दिसतं. माझी बाजू मांडायला आणलेला कागद माझ्याच विरुद्ध गेला! पुन्हा आरटीओत जाऊन मी जुन्या रजिस्टरचा उतारा मागितला, आणि 'हा वर्ग मूळ परवान्यात 1996 पासून आहे' असं एक वाक्य लेखी मागितलं. त्या एका वाक्यासाठी किती टेबलं फिरावी लागली! डबे करायला शेजारणीला बसवून मी रांगेत उभी राहायचे. ते पत्र दाखल झालं आणि न्यायालयाने मला सोडलं.

माझ्याकडे जुनं पुस्तक जपलेलं होतं, म्हणून हे जमलं. ज्याचं पुस्तक पावसात भिजलं, घर बदलताना हरवलं किंवा कार्ड देताना कार्यालयाने जमा करून घेतलं, त्याने काय करायचं? रोजंदारीवर जाणारा माणूस एवढे खाडे करू शकत नाही. तो पाच हजार भरतो, आणि न केलेला गुन्हा त्याच्या नावावर कायमचा राहतो.

परिवहन खात्याने एवढं तरी करावं. दुरुस्तीच्या प्रत्येक पत्रात, मूळ परवान्यात तो वर्ग कोणत्या तारखेपासून आहे, हे न मागता लिहावं. मधल्या काळात त्या चुकीपायी चलान झालं असेल, तर ते पत्र आरटीओनेच वाहतूक शाखेला पाठवावं आणि तिथेच चलान रद्द व्हावं. आणि दुरुस्तीच्या अर्जाची पोच हातात असेल, तर अर्ज निकाली निघेपर्यंत नाक्यावर दंड लावू नये. पोचेवर अर्जाचा क्रमांक असतोच. तो मशीनमध्ये टाकून तपासता येईल एवढी सोय करणं खात्याला अवघड नाही.